स्वस्त वाहतूक आणि राज्यसीमा : बार्शी लाइट रेल्वेच्या इतिहासाच्या अनुषंगाने

१

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भीमा आणि सीना या नद्यांच्या दरम्यानच्या पठारी मुलखात, माढा तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव आहे. ज्या झाडाच्या पानांवर सोलापूरच्या विडी धंद्यातील हजारो स्त्रियांची उपजीविका चालत आली, त्याच झाडाचे नाव या गावास मिळालेले आहे. लातूर, बार्शी व कुर्डुवाडी यांवरून येणारी वाट येथे पुण्याच्या रस्त्यास मिळते. करमाळ्याकडून पंढरपुरास जाणारी वाटही येथूनच जाते. मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र आणि पंढरीचे क्षेत्र या तिहींच्या वाटा जेथे एकमेकींस छेदतात असे हे ठिकाण होय. असे असूनही टेंभुर्णीस आगगाडी कधी आली नाही. मुंबई-सोलापूर लोहमार्ग येथून सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या कुर्डुवाडीवरून गेला. कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणारा फाटा मोडनिंबवरून गेला. वाटांच्या चौकातील हे गाव रुळांच्या दृष्टीने आडबाजूसच राहिले.

वाहतुकीचा इतिहास लिहिणारे बहुधा स्थानकावर उभे राहून लिहितात. गाडी केव्हा सुरू झाली, ती कोणी आणली, तिचे भाडे किती, हे स्थानकावरून उत्तम दिसते. परंतु त्या स्थानकापर्यंत माणूस कसा पोहोचला आणि त्यासाठी त्यास काय खर्चावे लागले, हे पाहण्यास टेंभुर्णीसारख्या गावातच उभे राहावे लागते. अल्पदरी विमान कंपन्यांनी शेजारच्या देशांत जाणारे छोटे मार्ग उघडल्याच्या वार्ता अलीकडे वारंवार येतात, आणि थोड्या भाड्यात परक्या मुलखात जाण्याची ही सोय आपल्या काळाचीच निर्मिती आहे असे गृहीत धरले जाते. टेंभुर्णीच्या परिसराचा इतिहास या गृहीताशी जुळत नाही. येथून जवळच, १८९७ पासून, थोड्या भांडवलाची, थोड्या अंतराची आणि पुढे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी एक गाडी धावत होती. तिचे नाव बार्शी लाइट रेल्वे. स्वस्त वाहतूक कशी निर्माण होते, राज्यसीमा तिच्याशी कशी वागते आणि तिचा न दिसणारा खर्च कोण सोसतो, या तीन प्रश्नांचा विचार त्या रेल्वेच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

२

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबईहून आग्नेयेकडे जाणारा मार्ग १८५८ मध्ये पुण्यास, १८५९ मध्ये कुर्डुवाडीच्या स्थानकापर्यंत आणि १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला. कुर्डुवाडीच्या स्थानकास त्या वेळी ‘बार्शी रोड’ असे नाव देण्यात आले. बार्शी ही कापूस आणि गळिताची धान्ये यांची नामांकित पेठ. परंतु ती या स्थानकापासून वीस मैलांहून अधिक दूर होती. स्थानकास ज्या गावाचे नाव होते ते गाव तेथे नव्हते. तेथून त्या गावास जाणारा रस्ता तेवढा होता.

या ‘रोड’ शब्दाकडे थोडे लक्ष देणे योग्य होईल. नाशिक रोड, लातूर रोड, सावंतवाडी रोड ही नावे मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळलेली आहेत की त्यांतील दुसऱ्या पदाचा अर्थ कोणी पाहत नाही. मूळ इंग्रजी संकेत असा की, अमुक गावास जावयाचे असेल तर येथे उतरून रस्त्याने जावे. मराठीने या पदाचे भाषांतर केले नाही. ‘नाशिक रस्ता’ असे स्थानक झाले नाही. शब्द जसाच्या तसा घेतला गेल्यामुळे त्यातील सूचना लोपली आणि केवळ नाव उरले. परक्या उतारूस मात्र या नावाने फसण्याचा संभव होता आणि अजूनही आहे. शंभर वर्षांहून अधिक काळानंतर युरोपातील अल्पदरी विमान कंपन्यांनी हीच युक्ती योजिली. फ्रँकफुर्टचे नाव लावलेला हान येथील विमानतळ त्या शहरापासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे. ऑस्लोच्या नावाने विकल्या गेलेल्या तिकिटांवर उतारू तितक्याच दूरच्या तोर्प येथे उतरत. मोठ्या गावाचे नाव, त्यापासून लांबची स्वस्त जमीन आणि मधल्या वाटेचा भार उतारूवर, ही तिन्ही अंगे ‘बार्शी रोड’ या नावात १८५९ मध्येच एकत्र आलेली दिसतात. फरक इतकाच की, रेल्वेने ते स्वस्ताईसाठी केले नव्हते. सोलापूरकडे जाणाऱ्या मुख्य मार्गास बार्शीचा वळसा परवडणारा नव्हता.

बार्शीच्या व्यापाऱ्यांस ही मधली वाट जवळजवळ अडतीस वर्षे बैलगाडीने कंठावी लागली. कापसाच्या गाठी, सरकी, करडई आणि तूर गाड्यांत भरून स्थानकावर आणावयाची आणि तेथे रेल्वेच्या वाघिणींत चढवावयाची, असा हा क्रम होता. पावसाळ्यात काळ्या रानातील वाटांची काय अवस्था होई हे त्या मुलखातील शेतकऱ्यास सांगावयास नको. पंढरीच्या वारकऱ्यांचीही गोष्ट तीच. मुंबईकडून गाडीने येणारा यात्रेकरू बार्शी रोडला उतरे आणि पुढचे तीस-एकतीस मैल पायी किंवा बैलगाडीने जाई.

३

हे अंतर भरून काढण्याची योजना ज्याने आखली तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत इंजिनांचा निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गास पूरक ठरतील अशा छोट्या मार्गांची पाहणी त्याने केली, त्यांत बार्शीचा मार्ग होता. १८८७ मध्ये त्याने लंडन येथे अशा मार्गांसाठी एक कंपनी नोंदविली. पुढे नोकरी सोडली. वाटाघाटी रेंगाळत राहिल्या आणि १८९५ मध्ये पूर्ण झाल्या. बार्शी लाइट रेल्वेची स्वतंत्र कंपनी निघाली, आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा एकवीस मैलांचा मार्ग सुरू झाला.

कॅलथ्रॉपचे खरे महत्त्व त्याच्या हिशेबात आहे. रुळांतील अंतर अडीच फूट ठेवले म्हणजे बांधणी स्वस्त होते, हे त्याच्यापूर्वीही ठाऊक होते. परंतु अशा अरुंद मार्गावरील गाड्या लहान, डळमळीत आणि फार माल न नेणाऱ्या अशाच असत, आणि त्यामुळे बांधणीत वाचलेला पैसा चालविण्यात खर्च होई. कॅलथ्रॉपने प्रश्न उलट बाजूने मांडला. यार्डास तीस रत्तल वजनाचा हलका रूळ घ्यावयाचा, तर त्यावर एका आसामागे किती भार चालेल? त्याचे उत्तर आले पाच टन. मग इंजिन असो, उतारूंचा डबा असो की मालाची वाघीण असो, प्रत्येकाच्या आसावर पाच टनांहून अधिक भार येणार नाही, परंतु शक्य तो पाच टनांपर्यंत येईल, अशी सर्व गाड्यांची रचना त्याने केली. इंजिनाचा भार वाटून घेण्यासाठी त्यास चाके अधिक दिली. लीड्स येथील किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या इंजिनांस आठ जोडचाके होती. वाघिणींसाठी दाबलेल्या पोलादाचा पंचवीस फूट लांबीचा एकच सांगाडा ठरविला आणि त्यावर निरनिराळ्या प्रकारचे डबे चढविले. ही सामग्री हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता मार्ग घालून तिची जाहीर परीक्षा घेण्यात आली.

या व्यवस्थेचे सार एकरूपता हे आहे. सांगाडा एक, म्हणून सुटे भाग एक. सुटे भाग एक, म्हणून कारखाना लहान आणि कारागिरांचे शिक्षण सोपे. भार सर्वत्र सारखा, म्हणून रुळाची कोणतीच ताकद वाया जात नाही. अल्पदरी विमान वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यास ही मांडणी ओळखीची वाटेल. अमेरिकेतील साउथवेस्ट या कंपनीने १९७१ मध्ये टेक्ससमधील तीन शहरांत सेवा सुरू केली आणि पुढे एकाच जातीच्या विमानांवर आपला पसारा उभा केला. भारतातील इंडिगोने २००६ पासून प्रारंभीची अनेक वर्षे हाच मार्ग धरला. विमान एका जातीचे असले म्हणजे कोणताही वैमानिक कोणत्याही विमानावर पाठविता येतो आणि सुट्या भागांचा साठा थोडा पुरतो. याच्या जोडीस दोन फेऱ्यांमधला जमिनीवरचा वेळ कमी करणे, आसने दाट बसविणे, आणि जेवण व सामान यांचे वेगळे पैसे घेणे ही अंगे आली. स्वस्त वाहतुकीचा पाया दोन्हीकडे सारखाच दिसतो : साधनात विविधता ठेवावयाची नाही आणि साधन रिकामे राहू द्यावयाचे नाही.

कॅलथ्रॉपचा विमानाशी असलेला संबंध केवळ या साम्यापुरता नाही. १९१० मध्ये चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र विमान कोसळून मरण पावला. त्यानंतर कॅलथ्रॉपने वैमानिकासाठी हवाई छत्री तयार करण्याच्या कामास वाहून घेतले, आणि ‘गार्डियन एंजल’ या नावाची त्याची छत्री पहिल्या महायुद्धाच्या काळात पुढे आली. ब्रिटिश सैन्याने आपल्या वैमानिकांस ती त्या युद्धात सरसकट दिली नाही. बार्शीच्या रुळावर भार मोजणारा अभियंता पुढे आकाशातून पडणाऱ्या माणसाचा भार मोजीत राहिला, ही गोष्ट वाहतुकीच्या इतिहासात नोंदविण्यासारखी आहे. १९२७ मध्ये तो मरण पावला. त्याच वर्षी त्याची रेल्वे मिरजेस पोहोचून २०२ मैलांची झाली.

४

बार्शीपर्यंतचा मार्ग इंग्रजी मुलखात होता. खरा प्रश्न त्यापुढे उत्पन्न झाला. बार्शीच्या पूर्वेस बालाघाटाची चढण आणि त्या चढणीवर निझामाचे राज्य. या भागातील मराठी बोलणारे लोक निझामाच्या मुलखास ‘मोगलाई’ म्हणत. मोगलांची सत्ता दक्षिणेतून जाऊन दीडशे-पावणेदोनशे वर्षे लोटली तरी हा शब्द लोकांच्या तोंडी टिकून होता. राज्यकर्ता बदलला तरी पलीकडच्या हद्दीचे नाव बदलले नाही. भाषा मात्र दोन्हीकडे मराठीच होती, सोयरिकी दोन्हीकडे होत्या आणि पंढरीचा विठोबाही एकच होता. म्हणजे आज ज्यास दोन शेजारी देशांतील जवळचा मार्ग म्हणतात, त्याची बहुतेक लक्षणे बार्शी-लातूर या वाटेवर होती : अंतर थोडे, बोली एक, येणेजाणे नित्याचे, परंतु राज्य वेगळे.

राज्य वेगळे होते म्हणजे काय होते? पहिली गोष्ट जकातीची. हैदराबाद राज्यात मालावर जी जकात घेतली जाई तीस करोडगिरी म्हणत, आणि तिचा दर सर्वसाधारणपणे शेकडा पाच होता. दुसरी गोष्ट नाण्याची. हैदराबादेत हाली सिक्का चाले. शंभर इंग्रजी रुपयांस सुमारे एकशे सोळा हाली रुपये पडत. तिसरी गोष्ट अधिकाराची. संस्थानातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या जमिनीवर पोलीस व न्यायदान यांचा अधिकार कोणाचा, हा इंग्रज सरकार आणि संस्थाने यांच्यातील नित्याचा वाद होता. लातूरच्या अडत्याने बार्शीस माल पाठवावयाचा तर त्याच्या हिशेबाच्या वहीत गाडीभाडे हा एकच आकडा नसे. जकात, बट्टा आणि नाक्यावरचा खोळंबा हे तीन आकडे त्यास जोडावे लागत. यांपैकी एकही आकडा रेल्वेच्या दरपत्रकात छापलेला नव्हता.

तरीही मार्ग पुढे गेला, याचे कारण पेठांच्या गरजेत आहे. निझामाच्या राज्यात वाडी-सिकंदराबाद मार्ग १८७४ मध्ये आणि हैदराबाद-मनमाड मार्ग १९०० मध्ये सुरू झाला होता. लातूर या दोहोंपासून दूर पडले होते. लातूरच्या कापसास आणि तुरीस मुंबईचा बाजार हवा होता, आणि मुंबईची जवळची वाट राजधानीकडून नव्हे, बार्शीकडून होती. १९११ मध्ये अडीच फुटी रूळ लातुरास पोहोचले. पश्चिमेकडील पंढरपूरचा फाटा त्यापूर्वीच, १९०६ मध्ये, पुरा झाला होता. पुढे १९२७ मध्ये पटवर्धनांच्या संस्थानातील मिरजेशी तो जोडला गेला. इंग्रजी मुलूख, निझामाचे राज्य आणि दक्षिण महाराष्ट्रातील संस्थान अशा निरनिराळ्या सत्तांच्या प्रदेशांस एका सुतात ओवणारी ही लहानशी रेल्वे होती. लातूरची पेठ त्यानंतर वाढत गेली.

स्वस्ताईची एक किंमतही तेथेच दिसून आली. बालाघाट चढण्यासाठी मार्ग येडशीवरून नेला गेला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले उस्मानाबाद, आजचे धाराशिव, त्यावर आले नाही. ज्या गावास प्रशासनाच्या दृष्टीने महत्त्व होते ते वगळून भूगोलास जे सोयीचे होते ते निवडले गेले. दुसरी किंमत कुर्डुवाडीच्या फलाटावर मोजावी लागे. लहान रुळांची वाघीण मोठ्या रुळांवर जात नाही. म्हणून लातुराहून आलेले प्रत्येक पोते हमालाने पाठीवर घेऊन एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकावयाचे. रेल्वे कंपनीने बांधणीत जे वाचविले त्यातील काही भाग पिढ्यान् पिढ्या हमालांच्या पाठीने भरून दिला. अल्पदरी विमानातून उतरून पुढच्या विमानासाठी आपले सामान स्वतः उचलून पुन्हा रांगेत उभा राहणारा उतारू याच हमालीचा वाटेकरी आहे.

५

विमान वाहतुकीच्या इतिहासात राज्यसीमेचे स्थान याहूनही ठळक आहे. भारतीय नागरी विमान वाहतुकीचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले तेव्हा झाला. तो तेव्हा एकाच देशातील मार्ग होता. १९४७ नंतर तोच दोन देशांतील मार्ग झाला. अंतर तेच आणि समुद्रकिनाराही तोच राहिला, परंतु मार्गाचे भवितव्य सर्वस्वी राजकारणाच्या हाती गेले. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांस आपले आकाशच बंद केले.

साउथवेस्टच्या उदाहरणाचा अर्थही येथे नीट लागतो. त्या काळी अमेरिकेत राज्याराज्यांतील विमानभाडी मध्यवर्ती मंडळ ठरवीत असे. एका राज्याच्या आत उडणाऱ्या कंपनीस ते बंधन नव्हते. म्हणून अल्पदरी विमान कंपनीचा हा सर्वांत गाजलेला नमुना सीमा न ओलांडण्याच्या सोयीतून वाढला. युरोपात याच्या उलट झाले. ब्रिटन आणि आयर्लंड यांनी १९८० नंतरच्या दशकात आपसांतील विमान वाहतूक सैल केली आणि रायनएअरने १९८६ मध्ये डब्लिन-लंडन मार्गावर भाडी उतरविली. १९९३ पासून युरोपीय समूहाने हा मोकळेपणा सर्व सभासद देशांस दिला, आणि मग शेजारच्या देशांतील लहान लहान गावे एकमेकांशी जोडली गेली. सीमा जेथे हलकी झाली तेथेच भाडे हलके झाले, असा नियम यावरून बांधता येईल.

भारतात १९५३ च्या कायद्याने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. २००३ मध्ये एअर डेक्कनने अल्पदरी सेवा सुरू केली. परंतु पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमाने असल्याखेरीज खाजगी कंपनीने परदेशी जाऊ नये, असे बंधन २००४ पासून होते, आणि त्यातील पाच वर्षांची अट २०१६ मध्ये निघाली. परदेशी जाणारी पहिली भारतीय अल्पदरी सेवा म्हणून २००५ मध्ये सरकारी मालकीची एअर इंडिया एक्सप्रेस केरळ आणि आखाती देश यांच्या दरम्यान उडू लागली. तिचा उतारू मुख्यतः मजूर आणि कारागीर होता. खाजगी कंपन्यांपैकी स्पाइसजेट २०१० मध्ये काठमांडू आणि कोलंबो येथे गेली. चेन्नई आणि जाफना यांच्या दरम्यानची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, काही महिन्यांत साथीमुळे थांबली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा चालू झाली. दोन्ही तीरांवर तमिळ बोलणाऱ्या लोकांस जोडणारा हा मार्ग बार्शी-लातूर मार्गाचाच सहोदर शोभतो.

या मार्गांवरील तिकीट स्वस्त दिसते. परंतु पारपत्र, प्रवेशपरवाना, विमानतळाचा आकार आणि चलनाचा बट्टा ही करोडगिरीची नवी रूपे त्यास चिकटलेली असतात. अंतर जितके थोडे, तितका या खर्चांचा वाटा मोठा. अर्ध्या दिवसाच्या प्रवासात दोन तासांचा खोळंबा खपतो. तासाभराच्या प्रवासात तो खपत नाही. म्हणून जवळच्या देशास जाणारे विमान हे दूरच्या देशास जाणाऱ्या विमानापेक्षा सीमेच्या मर्जीवर अधिक अवलंबून असते.

६

सीमा नाहीशी झाली म्हणजे काय होते, याचेही उत्तर बार्शीच्या मार्गाने दिले आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरकडून निझामाच्या राज्यात शिरली आणि पाच दिवसांत ते राज्य संपले. पुढे करोडगिरी गेली, हाली सिक्का गेला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. स्वस्त गाडीस आता सुगीचे दिवस यावयास हवे होते. घडले ते निराळे. नाका उठल्याचा लाभ रुळांपेक्षा रस्त्यास अधिक झाला. मोटारींची स्पर्धा १९३० नंतरच रेल्वेस जाणवू लागली होती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्याच्या परिवहन सेवेची पहिली गाडी धावली, आणि त्यानंतरच्या काळात एस. टी. खेडोपाडी गेली. लातूरचा उतारू आणि लातूरचा माल कुर्डुवाडीस न थांबता थेट पुण्याच्या वाटेस लागू लागला, आणि ती वाट टेंभुर्णीस हमरस्त्यावर येत होती. ज्या गावास रुळांनी टाळले होते, त्यास सीमा उठल्यावर रस्त्याने हात दिला.

बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली. मंदपणाबद्दल तिची थट्टा होत राहिली. ‘लाइट’ म्हणजे हलक्या वजनाची हा मूळ इंग्रजी अर्थ. मराठी कानास ‘लाइट’ म्हणजे दिवा. ‘बार्शी लाइट’ या नावाचा मूळ अर्थ अशा रीतीने पुसट होत गेला आणि एका अभियंत्याच्या सूक्ष्म हिशेबाचे स्मारक असलेला शब्द विनोदाचा विषय झाला. चालू शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आला आणि त्या वेळी धाराशिव शहरही त्यावर आणले गेले.

त्यानंतर लौकरच या मार्गाचे खरे मोल प्रकट करणारा प्रसंग आला. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरात पिण्याचे पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या वाटेने पाण्याची गाडी लातुरास आली. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. कॅलथ्रॉपने १८९५ मध्ये मांडलेल्या कोणत्याही ताळेबंदात ही जमेची बाजू नव्हती. १९२७ मध्ये मिरजेपर्यंत रूळ नेणाऱ्या भागधारकांसही ती सुचली नसेल. पिढ्यान् पिढ्या उपेक्षिलेला एक लहान मार्ग टिकून राहिला होता, म्हणून एका शहराची तहान भागली. मार्ग उघडताना त्याच्या भाड्याची चर्चा होते आणि मार्ग बंद करताना त्याच्या तोट्याची. तो असल्यामुळे जे संकट टळते त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

७

सोलापूरच्या विमानतळाचे उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले आणि ९ जून २०२५ रोजी गोव्याच्या फ्लाय ९१ या कंपनीने तेथून गोव्यास सेवा सुरू केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईची सेवा सुरू झाली. गोवा हा १९६१ पर्यंत पोर्तुगीज मुलूख होता; सोलापूरकराच्या दृष्टीने तो साठ-पासष्ट वर्षांपूर्वीपर्यंत शेजारचा परदेशच होय. आज तो सीमेविना जोडला गेला. या सेवेसाठीही तिकिटाबाहेरचे मोल द्यावे लागले. विमानांच्या वाटेत येणारी सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली, आणि त्यामागे ऊस उत्पादकांचा दीर्घ विरोध होता.

लहान शहरांतील विमानसेवांस सरकार २०१६ च्या उडान योजनेने साहाय्य देते. प्रारंभी तासाभराच्या प्रवासास अडीच हजार रुपये अशी मर्यादा काही आसनांपुरती घालण्यात आली आणि कंपनीची तूट भरून काढण्यासाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर कर बसविण्यात आला. योजनेच्या पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ रोजी, नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. ती अखंड टिकली नाही. एका जातीची विमाने आणि भरलेली आसने हे स्वस्ताईचे दोन आधार. त्यांपैकी दुसरा लहान गावात सहसा मिळत नाही. साहाय्याची मुदत संपली म्हणजे मार्ग राहील की जाईल, हे शेवटी पेठेवर अवलंबून असते. बार्शीची रेल्वे शतकभर टिकली ती तिच्या दोन्ही टोकांस कापूस, तूर आणि विठोबा होते म्हणून.

टेंभुर्णीच्या रहिवाशास या सर्वांचा हिशेब कसा मांडावा लागेल? सोलापूरचा विमानतळ त्यास सुमारे नव्वद किलोमीटर आहे, पुण्याचा त्याहून बराच दूर. विमान तासाभरात उतरते. परंतु त्यासाठी दीड-दोन तास रस्त्यावर आणि तितकाच वेळ फलाटावर जातो. १८५९ मधील बार्शीच्या व्यापाऱ्यापुढे जो हिशेब होता तोच हा हिशेब आहे, केवळ बैलगाडीच्या जागी मोटार आली आहे. यावरून अभ्यासकांनी एक पद्धत स्वीकारावी असे सुचवावेसे वाटते. कोणत्याही स्वस्त मार्गाचे मोजमाप त्याच्या तिकिटावरून न करता, उतारूच्या उंबरठ्यापासून त्याच्या मुक्कामाच्या उंबरठ्यापर्यंत करावे. त्यात नाक्यावरचा वेळ धरावा, हमालाची पाठ धरावी, आणि मार्ग नसता तर काय झाले असते तेही धरावे. या मापाने पाहता पुष्कळशा स्वस्त सेवा महाग ठरतील, आणि अडीच फुटी रुळांवरून रखडत जाणारी एक जुनी गाडी फार स्वस्त ठरेल.